नाव थोरलीचं, हात धाकटीचा

मित्रांनो, माझ्यावर हसतमुखाने येऊन बसलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी रक्त तपासायच्या खोलीतली खुर्ची आहे. माझ्यावर बसायचं म्हणजे बाही वर करायची, मूठ आवळायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायचं, एवढंच लोकांना ठाऊक. पण अशा खुर्चीलाही माणसांचा लळा लागतो, आणि काही माणसं तर तिच्या अगदी आतपर्यंत जाऊन बसतात. अशाच दोन बहिणींची हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे. पण आधी माझी थोडी ओळख.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पाठीला आणि बैठकीला हिरवं रेक्झिन, आणि हात टेकायला एक लाकडी फळी. आमच्या डॉक्टरीणबाई तेव्हा तरुण होत्या आणि स्वतःची लॅब काढायच्या धांदलीत होत्या. वेल्डरने माझी फळी उजव्या बाजूला पक्की जोडून टाकली होती. बाई आल्या, बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झाली आहे. पण ज्याची शीर डाव्या हातालाच सापडते, त्याने काय पाठमोरं बसायचं?" वेल्डरने डोकं खाजवलं, फळी कापून काढली आणि ती इकडची तिकडे फिरेल अशी जोडून दिली. तेव्हापासून मला हात एकच, पण तो दोन्हीकडे चालतो.

लॅब म्हणजे दोन खोल्या. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. गावाला बंदर आहे, बंदराजवळ मासळी गोठवायचा मोठा कारखाना आहे, आणि वारा फिरला की त्याचा वास आमच्या जिन्यातून न विचारता वर येतो. पहिल्या दिवसापासून रक्त घ्यायचं काम सुईमावशींकडे. हे नाव त्यांना लहान पोरांनी दिलं आणि मग मोठ्यांनीही उचललं. त्यांचं खरं नाव रजिस्टरातल्या सहीत असतं, पण ती सही डॉक्टरीणबाईंनाही वाचता येत नाही.

मावशींचा हात इतका हलका, की पुष्कळ जण "टोचा आता" म्हणत डोळे घट्ट मिटून बसायचे आणि मावशी म्हणायच्या, "झालं, उठा." माझ्या वाट्यालाही थोडं कौतुक आलं. एकदा एक आडदांड, झुपकेदार मिशांचे गृहस्थ आले. "सुई? अहो, आम्हाला सुईचं काय!" असं म्हणाले आणि ती नुसती पाहूनच गहू भरलेल्या पोत्यासारखे कलंडले. माझी फळी आडवी होती म्हणून खाली पडले नाहीत. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर थोपटलं होतं. खुर्चीच्या पाठीवर कोण थोपटतं, सांगा!

आता त्या दोघी बहिणी. त्यांना मी थोरली आणि धाकटी म्हणते, कारण त्यांच्या घरीही त्यांना तसंच म्हणतात. आई-वडील लवकर गेले. थोरलीने धाकटीला वाढवलं, शिकवलं, शिवणकामाला लावलं. थोरली कारखान्यात कोळंबी सोलायची. चौदा वर्षं तेच काम. डोकं मोडायचं, कवच ओढायचं, पाठीतली काळी दोरी काढायची आणि कोळंबी बर्फावर टाकायची. एवढं सगळं ती तुमच्या डोळ्यांची पापणी लवायच्या आत करायची, असं तिच्याबरोबरच्या बायका सांगत. नवीन आलेल्या मुलीला मुकादमबाई आधी थोरलीच्या शेजारी उभी करायच्या आणि म्हणायच्या, "हिच्या हाताकडे बघ."

थोरली एकदा अशक्तपणासाठी रक्त तपासायला आली होती. कोपराच्या खोबणीत तिची शीर काही केल्या सापडेना. मावशींनी डोळे मिटले आणि नुसत्या बोटाने चाचपत चाचपत ती कोपराच्या बाहेरच्या अंगाला शोधून काढली. तिरपी, खोल, दोऱ्यासारखी बारीक. "लपाछपी खेळते गं तुझी शीर!" मावशी म्हणाल्या. थोरली हसली होती. मला तिचा हातही आठवतो. थंडगार, पाण्याने पांढरी पडलेली बोटं, आणि कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याने ओढलेले असंख्य बारीक ओरखडे.

त्यानंतर वर्षभराने, एका सोमवारी सकाळी, इस्पितळातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक बाई जिना चढून आली. नाव थोरलीचं. चिठ्ठीत लिहिलं होतं की या बाईला कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ आणि घसा सुजला, श्वास कोंडला. तेव्हा कोळंबी आणि खेकडा यांची अॅलर्जी आहे का, ते रक्तातून पाहावं.

"बस," मावशी म्हणाल्या. त्या नळीवर लावायच्या चिठ्ठीवर नाव लिहीत होत्या. "वय?"

"सदतीस... नाही, अडतीस."

तिने हात माझ्या फळीवर ठेवला आणि मी चमकले. हात कोमट होता. बोटं मऊ होती. डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर सुईने टोचून टोचून झालेला बारीक घट्टा होता. मित्रांनो, हा कोळंबी सोलणारीचा हात नव्हता. पण मी खुर्ची. मी कुणाला सांगणार?

मावशींनी दंडाला पट्टा बांधला. कोपराच्या खोबणीत निळी, जाड शीर लगेच टरारून वर आली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. सुई हातात घेतली होती, ती परत ट्रेमध्ये ठेवली आणि पट्टा सोडला.

"काय झालं?" त्या बाईने विचारलं.

"काही नाही. मी चेहरे विसरते," मावशी म्हणाल्या. "बाजारात लोक मला हाक मारतात आणि मी नुसती बघत राहते. पण एकदा हाताखालून गेलेली शीर नाही विसरत. या नावाच्या बाईची शीर अशी दारात येऊन उभी राहत नाही. तू कोण गं तिची?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती जी रडायला लागली, की माझी फळी ओली झाली.

सगळं हळूहळू बाहेर आलं. कारखान्याने थोरलीला सांगितलं होतं की रिपोर्ट आणल्याशिवाय सोलायला यायचं नाही. रिपोर्टमध्ये अॅलर्जी निघाली तर ते काम कायमचं बंद. थोरलीने दोन रात्री विचार केला आणि बहिणीला म्हणाली, "तुझं रक्त दे. तू कोळंबी खातेस, तुला काही होत नाही. कागद चांगला येईल, मी कामावर जाईन. पुन्हा तोंडात घालणार नाही म्हणजे झालं."

"मी ताईला कधी नाही म्हटलेलं नाही, मावशी," धाकटी म्हणाली. "मला कसं म्हणता येईल? तिने माझ्यासाठी..."

मावशींनी तिला पाणी दिलं. मग माझ्यासमोरचं स्टूल ओढून त्या तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "त्या दिवशी तू होतीस तिच्याजवळ?"

"मला शिवणाच्या दुकानातून बोलावून घेतलं. कारखान्याच्या टेम्पोत होती ती. डोळे सुजून बंद झाले होते. माझा हात तिने इतका आवळला होता, की चार दिवस दुखत होता. आणि श्वास... मावशी, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता."

"त्या दिवशी खाल्ली होती तिने?"

"डब्यात होती कोळंबी. पण त्याआधी कितीतरी दिवस कामावरच तिचे हात खाजायचे, गांधी उठायच्या. उकडायच्या मोठ्या भांड्याजवळून गेली तर खोकला यायचा. ती म्हणायची, बर्फाने होतंय."

मावशींनी हातातला पट्टा ट्रेमध्ये ठेवला. "मग ऐक," त्या म्हणाल्या. "तुझं रक्त घेऊन मी तिचं नाव घातलं, तर कागद छान येईल. तो कागद घेऊन ती पुन्हा त्या वाफेत जाऊन उभी राहील. पुढच्या खेपेला टेम्पो वेळेवर मिळेलच असं कुणी लिहून दिलंय का? आणि इस्पितळातला डॉक्टर तो कागद बघून काय म्हणेल? कोळंबीचं काही नाही, दुसरं काहीतरी असेल. मग ते दुसरं काहीतरी शोधत बसतील, आणि हे तिथेच राहील." त्यांनी थोरलीच्या नावाची चिठ्ठी धाकटीच्या देखत फाडून टाकली. "रागावले नाही मी. पण तिला घेऊन ये. आणि हे मी डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे, तेही सांगून ठेवते. इथे नळीवरचं नाव खोटं झालं, तर बाकी काही खरं उरत नाही."

त्याच दिवशी दुपारी जिन्यावर दणदण पावलं वाजली. थोरली आली होती. मागे धाकटी, मान खाली घालून.

"तुमचं काय जात होतं हो?" थोरली दारातूनच म्हणाली. "एक नळी रक्त! तुम्हाला रक्ताशी मतलब, कुणाचं का असेना!"

"तेवढाच तर मतलब आहे मला," मावशी म्हणाल्या. "कुणाचं, एवढाच."

"चौदा वर्षं मी त्या लायनीत उभी आहे. दुसरं काही येत नाही मला. मला मुकादमबाई नवीन पोरींना दाखवतात, की अशी सोलायची. माझ्या हातातून कोळंबी काढून घेतली तर मी कोण उरते, सांगा?"

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आतून आल्या. त्यांना मावशींनी सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी थोरलीला माझ्यावर बसवलं आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"हे बघा, रक्त एकटं काही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीराने कोळंबीला शत्रू समजून तिच्याविरुद्ध काही तयार करून ठेवलंय का, किती ठेवलंय, एवढंच रक्त सांगतं. कधी कधी आकडा मोठा येतो आणि माणूस मजेत खात असतं. कधी आकडा लहान येतो आणि माणूस जिवावरच्या दुखण्यातून उठलेलं असतं. म्हणून आकडा आणि तुमच्यावर काय बेतलं ते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं असतं."

थोरलीने लगेच पकडलं. "म्हणजे माझा आकडा लहानही येऊ शकतो?"

"येऊ शकतो. पण त्याने तो टेम्पो खोटा ठरत नाही."

तेव्हा धाकटी पुढे झाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती ताईच्या विरुद्ध बोलत असावी, कारण ती थोरलीकडे न बघता माझ्या फळीकडे बघून बोलली. "ताई, तू मला वाढवलंस. आता तुला काही झालं तर मला कोण आहे गं? मी तुला रक्त देईन, लागेल तेवढं देईन. पण असं नाही देणार."

मग थोरलीने बाही वर केली आणि हात फळीवर ठेवला. तोच हात. थंड, ओरखड्यांनी भरलेला. मावशींनी डोळे मिटले, कोपराच्या बाहेरच्या अंगाला बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आलीस का? ये." दिवसाला हजारो कोळंब्यांची डोकी मोडणारी ती बाई, सुई बघून तिने तोंड धाकटीच्या पदरात लपवलं.

नळीवर या वेळी खरं नाव लागलं. थोडा वेळ ती नळी उभी राहिली, मग यंत्रात गरागरा फिरली. वरचं पिवळसर पाणी निराळं झालं आणि बर्फाच्या डब्यातून मोठ्या शहरातल्या लॅबकडे गेलं. चार दिवसांनी कागद आला. कोळंबीचा आकडा मोठा होता. खेकड्याचाही.

थोरलीने कागद घेतला तो माझ्यावर बसूनच. वाचता येत होतं तिला, तरी तिने तो धाकटीकडे दिला आणि पुन्हा परत घेतला. कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. रडली नाही. फक्त म्हणाली, "उद्यापासून सकाळी उठून मी काय करू?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. ते मावशींकडे होतं. "उद्या सकाळी उठून तू माझ्याबरोबर कारखान्यात चल," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत मावशींनी सकाळच्या वेळी सुट्टी घेतलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी घेतली.

कारखान्यात काय झालं ते मला मावशींच्याच तोंडून कळलं. त्या ते इतक्या वेळा सांगत, की मला जणू मी तिथे होते असं वाटतं. आवाराच्या दुसऱ्या टोकाला याच कारखान्याची वेगळी इमारत होती. तिथे मटार आणि मक्याचे दाणे गोठवत. इस्पितळातल्या डॉक्टरांनी कागद बघून वाटेतच पत्र दिलं होतं, की बाईंना मासळीपासून दूर तिथे काम द्यावं. मॅनेजर म्हणाले, "मटारमध्ये जागा नाही. बघू पुढे." मावशी काही बोलणार, तेवढ्यात मुकादमबाई आत आल्या. ओला एप्रन, रबरी बूट, तशाच.

"साहेब, त्या दिवशी टेम्पोत हिचं डोकं माझ्या मांडीवर होतं," त्या म्हणाल्या. "इस्पितळ येईपर्यंत मी हिचे श्वास मोजत होते. पुन्हा मोजायची माझी तयारी नाही. मटारमध्ये जागा नसेल तर करा. नाहीतर सोलणीला दुसरी मुकादम बघा."

पंधरा दिवसांत मटारमध्ये जागा झाली.

मित्रांनो, सगळं लगेच गोड झालं असं मात्र मी सांगणार नाही. पहिले काही महिने थोरली जेव्हा जेव्हा मावशींना भेटायला यायची, तेव्हा मटारला नावं ठेवायची. "त्याला ना डोकं ना शेपूट! पट्ट्यावरून गडगडत येतात नुसते. यात शिकण्यासारखं काय आहे?" तिची बोटं आता कोरडी राहायची आणि तिला तेच रुचत नव्हतं. जुन्या लायनीतल्या बायका आवारात भेटल्या की ती लांबूनच हात करायची, कारण त्यांच्या एप्रनला कोळंबीचं पाणी असायचं. घरी गेल्यावर ती गप्प गप्प असते, असं धाकटी एकदा मावशींच्या कानात म्हणाली होती. पण ओरखडे हळूहळू भरून आले. खाज गेली, खोकला गेला. आणि एका दिवशी ती घाईघाईने म्हणाली, "चलते मावशी, आज नवीन पोरी आल्यात. खराब दाणा नजरेने कसा टिपायचा ते त्यांना दाखवायचंय." मावशी माझ्याकडे बघून हसल्या. खरंच माझ्याकडे.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी थोरलीला इंजेक्शनचं एक पेन दिलं होतं. पुन्हा तसं काही झालंच, तर ते मांडीत टोचायचं आणि तडक इस्पितळ गाठायचं. थोरलीला ते वापरायची वेळ एकदाच आली. कारखान्यातल्या कुणाच्या तरी निरोपाचं जेवण होतं. दोघी बहिणी गेल्या होत्या. थोरलीने विचारून विचारून फक्त भात आणि भाजी घेतली. पण वाढणाऱ्याने कोळंबीच्या भांड्यातला डाव तसाच भाजीत घातला होता. दोन घासांत तिचे ओठ जड झाले. आजूबाजूचे लोक म्हणाले, "पाणी प्या, ठसका लागला असेल." धाकटीने कुणाचंही ऐकलं नाही. पिशवीतून पेन काढलं आणि थोरलीच्या मांडीत, साडीवरूनच, टोचलं आणि तिला तडक इस्पितळात नेलं.

आठवड्याने दोघी हसऱ्या तोंडाने जिना चढून आल्या. "मावशी, तुमचा हात हलका म्हणतात ना? हिचा बघा!" थोरली म्हणाली आणि मांडीवर हात चोळू लागली. "अशी खुपसली सुई, जशी काही गादीच शिवायला घेतली होती!"

"जिवंत आहेस ना?" धाकटी म्हणाली.

"आहे बाई, आहे," थोरली म्हणाली आणि सगळ्यांसमोर तिने धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. धाकटी चांगली तिशीची होती. तरी तिने डोकं खाली वाकवलं.

याला आता बरीच वर्षं झाली. लॅबमध्ये दोन नव्या खुर्च्या आल्या आहेत. मऊ, पांढऱ्या, बटण दाबलं की मागे कलणाऱ्या. मला बाहेरच्या वाटेत भिंतीला लावून ठेवलं आहे. माझं रेक्झिन चार ठिकाणी फाटलं आहे आणि फळी थोडी डुगडुगते. लोक माझ्यावर छत्र्या ठेवतात, पिशव्या ठेवतात, एकाने तर मध्ये सायकलची ट्यूब टांगली होती. वाईट वाटतं थोडं. पण मावशी आता निवृत्त झाल्या असल्या, तरी महिन्यातून एकदा येतात, नव्या मुलींना शीर शोधायला शिकवतात, आणि दमल्या की माझ्यावरच येऊन टेकतात. पांढरी खुर्ची त्यांना फार मऊ होते म्हणे.

मित्रांनो, जाता जाता तुमच्याकडे थोडं मागते. माझ्यासारख्या जुन्या वस्तूवरून कधीमधी फडकं फिरवा, सैल झालेला स्क्रू आवळा, आम्ही अजून पुष्कळ वर्षं टिकू. आणि तुमच्या शेजारी जेवायला बसलेलं कुणी एखादा पदार्थ नको म्हणालं, तर हसू नका, आग्रह करू नका, 'एक घास खाऊन तर बघ' म्हणू नका. त्याच्यासाठी वेगळा डाव घ्या. एवढ्याशा कष्टात कुणाच्या तरी घरचं माणूस घरी परत जातं.

आणि कधी तुम्हालाच आमचा जिना चढून यावं लागलं, तर घाबरू नका. आधी आपलं नाव नीट सांगा, काय खाल्लं आणि काय झालं ते काहीही न लपवता सांगा, आणि मग हात निवांत सोडून द्या. धरायला आम्ही आहोत.